पेंड्र्याचे संपादक माधवराव सप्रे

सातपुड्याच्या कुशीत, तापीच्या काठी वसलेल्या बऱ्हाणपूरच्या परिसरात जसोंडीसारख्या गावांतून फिरणाऱ्याच्या कानी एकाच दिवशी मराठी, निमाडी आणि हिंदी अशा तीनही भाषा पडतात. माजघरात एक, शेतावर दुसरी आणि कचेरीत तिसरी, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. नकाशावर आखलेली प्रांताची रेघ भाषेला ठाऊक नसते. अशा सीमेवरील माणसाला एक अडचण नेहमी भेडसावते. आपल्या घरची भाषा एक आणि आपल्या शेजाऱ्याची भाषा दुसरी असेल, तर सार्वजनिक काम कोणत्या भाषेत करावे? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या आयुष्यानेच देऊन ठेवले आहे. त्याचे नाव माधवराव सप्रे. हिंदीच्या इतिहासात ते नाव मोठ्या आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ते फारसे कोणाच्या तोंडी नाही.

सीमेवरचा संपादक हा प्राणीच मुळी वेगळा असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील वस्ती पश्चिमेकडे सरकू लागली तेव्हा नव्या गावांत प्रार्थनामंदिर आणि दुकान यांच्या पाठोपाठ छापखानाही येऊन पोहोचत असे, आणि तो चालविणारा मनुष्य बहुधा त्या गावचा पुढारीही असे. तेथे सभागृहे नव्हती, पक्ष पुरते बांधलेले नव्हते. वर्तमानपत्र हेच सभागृह आणि संपादक हाच पक्ष. इलिनॉय राज्यातील आल्टन या गावी इलायजा लव्हजॉय नावाच्या संपादकाने गुलामगिरीविरुद्ध लिहिण्याचे सोडले नाही, म्हणून जमावाने त्याचा छापखाना पुनःपुन्हा मोडला आणि १८३७ साली, तो छापखाना राखीत असता, त्याला गोळी घालून ठार केले. यंत्राचे तुकडे मिसिसिपी नदीत फेकले गेले.

आपल्याकडे असा रानावनाचा सीमाप्रदेश म्हणजे जुन्या मध्यप्रांताचा पूर्व भाग, छत्तीसगढ. माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडील कोंडोपंत आणि आई लक्ष्मीबाई. घरची स्थिती ओढगस्तीची होती. कुटुंब बिलासपुरास आले, आणि मुलाचे प्राथमिक शिक्षण तेथेच झाले. पुढे रायपूरच्या सरकारी हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. या शाळेत नंदलाल दुबे या शिक्षकांच्या सहवासात त्यांना हिंदीची गोडी लागली. एखाद्या शिक्षकाने वर्गात लावलेली गोडी कोठवर जाऊन पोहोचते, याचा हिशेब कोणत्याही शाळेच्या दप्तरात सापडत नाही. मॅट्रिकनंतरचा मार्ग सरळ नव्हता. जबलपुरास कॉलेजात नाव घातले, शिक्षण मध्येच सुटले, ठेकेदारीचा उद्योग करून पाहिला, त्यात पैसा बुडाला. मग ग्वाल्हेरास जाऊन पुन्हा अभ्यास धरला आणि १८९८ साली ते कलकत्ता विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्या काळी मध्यप्रांतात बी. ए. झालेल्या तरुणाला तहसिलीची वाट मोकळी होती. सप्र्यांनी ती नाकारली आणि पेंड्रा येथील जमीनदारांच्या घरी राजकुमारांना शिकविण्याची, महिना पन्नास रुपयांची नोकरी पत्करली.

पेंड्रा हे गाव श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. बिलासपुराहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मैकल डोंगराच्या रांगेत, सालवृक्षांच्या दाट रानात ते वसलेले आहे. अमरकंटकास जाणारे यात्रेकरू पेंड्रारोड स्थानकावर उतरतात. ज्या नर्मदेचे पाणी निमाडातून वाहते तिचा उगम तेथून जवळच. असल्या जागी, जेथे छापखाना नाही, वाचणारा वर्ग मूठभर आणि टपाल हाच जगाशी संबंध, तेथून १९०० सालच्या जानेवारीत ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर; मालकी व प्रकाशन वामन बळीराम लाखे यांचे. तिन्ही नावे मराठी, आणि मासिक हिंदी! छपाई प्रथम रायपुरास व पुढे नागपुरास देशसेवक छापखान्यात होत असे. म्हणजे लेख रानात लिहावयाचा, रेल्वेने शहरात पाठवावयाचा, मुद्रिते परत मागवून तपासावयाची, पुन्हा पाठवावयाची आणि छापून आलेले अंक गावोगाव टपालाने रवाना करावयाचे. आज एका बोटाच्या स्पर्शाने मजकूर जगभर जातो. त्या काळी एका अंकामागे किती खेपा पडत असतील, याची कल्पना केलेली बरी.

त्या भागात विद्येचा प्रसार व्हावा आणि हिंदीत चांगल्या-वाईट ग्रंथांची पारख सुरू व्हावी, हे या मासिकाचे मुख्य उद्दिष्ट होते. दुसऱ्या गोष्टीत सप्र्यांनी खरोखरच पुढाकार घेतला. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला काढल्यापासून मराठी वाचकाला परखड ग्रंथपरीक्षणाची सवय झाली होती. हिंदीत ती रीत अद्याप रुळावयाची होती. श्रीधर पाठकांसारख्या मान्यवर कवीच्या रचनांचीही सप्र्यांनी विस्ताराने चिकित्सा केली. याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा छापली गेली. हिंदीतील पहिली कथा कोणती याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ज्या चार-दोन कथांचा त्या मानासाठी विचार होतो, त्यांत ही कथा अग्रभागी असते.

कथा अगदी साधी आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते, आणि मध्ये एका गरीब विधवेची झोपडी येते. तो कचेरीच्या बळावर ती झोपडी बळकावतो. विधवा एक दिवस येऊन विनविते की, नात अन्न घेत नाही, घरी चल म्हणते. तेव्हा या जागेची एक टोपलीभर माती नेऊ द्या, तिची चूल करून भाकरी भाजीन म्हणजे ती खाईल. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच टोपली उचलून देण्यास सांगते. त्याला ती हलवत नाही. तेव्हा म्हातारी विचारते की, एका टोपलीचा भार सोसत नाही, तर या जागेतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहशील? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो. कथेचा शेवट काहीसा भाबडा आहे, हे मान्यच करावे लागेल. असे डोळे उघडणारे जमीनदार प्रत्यक्षात विरळाच. परंतु ही कथा लिहिणारा गृहस्थ जमीनदाराच्याच घरी शिकवणी करून पोट भरणारा होता, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यातील धिटाई कळते.

मासिक तीन वर्षे चालले. तोटा येत गेला आणि १९०२ सालअखेर ते बंद करावे लागले. आयुष्य तीनच वर्षांचे. पण छत्तीसगढातील पत्रकारितेचा प्रारंभ सांगताना आजही याच मासिकापासून सुरुवात केली जाते.

पेंड्रा सोडून सप्रे नागपुरास आले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा जो कोश हाती घेतला होता, त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांनी केले. नागपुरातून ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली. पण काळ शब्दकोशांचा राहिला नव्हता. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द घरोघर पोहोचले. सप्र्यांनी १९०६ साली ‘स्वदेशी आंदोलन और बॉयकाट’ ही पुस्तिका लिहिली. तिच्यातील विचारांवर टिळकांच्या केसरीची छाया स्पष्ट होती, आणि पुढे सरकारने ती जप्त केली. नागपूर हे त्या वेळी जहाल आणि मवाळ यांच्या झगड्याचे केंद्र झाले होते. १९०७ ची काँग्रेस नागपुरास भरावयाची होती, ती या भांडणापायी सुरतेस हलविण्यात आली आणि तेथे ती दुभंगली, हे सर्वांस ठाऊक आहे. याच वर्षी, १३ एप्रिल १९०७ रोजी, सप्र्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. टिळकांच्या संमतीने केसरीतील विचार हिंदी वाचकांपुढे ठेवावयाचे, हा त्याचा बाणा. मराठीत गर्जणारा आवाज नर्मदेपलीकडे त्याच जोमाने ऐकू जाऊ लागला. पेंड्र्याचा सौम्य ग्रंथपरीक्षक आता राजकारणी संपादक झाला होता.

याचा परिणाम काय होणार हे सांगावयास ज्योतिषी नको होता. २४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली. २२ जुलैस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली आणि पुढे त्यांना मंडालेस नेण्यात आले. बरोबर एका महिन्याने, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, नागपुरात माधवराव सप्र्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली पकडण्यात आले. त्याच सुमारास ‘देशसेवक’ पत्राचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांच्यावरही तोच आरोप आला. पुढे मुंबईत ‘संदेश’ काढून मराठी पत्रसृष्टी गाजविणारे कोल्हटकर ते हेच. कोल्हटकरांनी तुरुंगवास भोगला. सप्रे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माफीपत्रावर सही करून बाहेर आले.

येथे चरित्रकारांची लेखणी अडखळते. कोणी ही घटना दोन ओळींत उरकतात, कोणी तिच्याभोवती कारणांची तटबंदी उभारतात. सांगितली जाते ती हकिकत अशी की, माधवरावांची प्रकृती तुरुंगात ढासळली होती; वडील बंधू बाबूराव, ज्यांनी हलाखीत कुटुंब सांभाळले होते, ते भेटीस आले आणि सही न केल्यास आपण प्राण देऊ असे त्यांनी निर्वाणीचे सांगितले. पित्याच्या ठिकाणी असलेल्या भावाचे ते शब्द ऐकून धाकट्याचा धीर सुटला. हे सर्व खरे मानले तरी सही ही सहीच. हजारो वाचकांना जे धैर्य आठवड्यागणिक शिकविले, ते स्वतःच्या वेळी टिकले नाही, असा त्याचा अर्थ लोकांनी केला, आणि लोकांना दोष देता येत नाही. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना त्यांच्या पत्राचे नाव धारण करणाऱ्या पत्राच्या संपादकाने माफी मागावी, हा घाव साधा नव्हता. काल ज्यांनी डोक्यावर घेतले तेच आज रस्ता बदलू लागले. पत्रही त्यानंतर फार काळ जगले नाही.

असा प्रसंग ओढवला असता माणसे दोन प्रकारांनी वागतात. काही जण सहीचे समर्थन करण्यात उरलेले आयुष्य घालवितात. काही जण सरकारच्याच पंखाखाली जाऊन बसतात. सप्र्यांनी यांपैकी काहीच केले नाही. ते वर्ध्याच्या हनुमानगढीत, रामदासी परंपरेतील श्रीधर विष्णु परांजपे यांच्याजवळ जाऊन राहिले. डोक्यावरील पागोटे गेले, हाती झोळी आली; पदवीधर संपादक मधुकरी मागून राहू लागला. याच पर्वात दासबोधाचे वाचन-मनन झाले आणि त्यातून दासबोधाचा हिंदी अनुवाद सिद्ध झाला. समर्थांच्या ओव्यांतील रोखठोक मराठी हिंदीत नेणे हे सोपे काम नव्हे. ज्या शब्दांत समर्थ मूर्खाची लक्षणे सांगतात ते शब्द हिंदीत शोधताना या अनुवादकाच्या मनात काय चालले असेल, हे ज्याचे त्याने ओळखावे.

पुढे ते रायपुरास परतले. मुलींसाठी त्यांनी जानकीदेवी महिला पाठशाळा उभी केली. ज्या काळात मुलीला पाटी देणे हाच वादाचा विषय होता, त्या काळातील हे काम आहे. त्याची वाच्यता झाली नाही आणि त्यांनी ती होऊही दिली नाही.

मग त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट घडली. १९१४ च्या जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून आले. तेथील तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाले. हिंदी भाषकांच्या हाती ते पडावे यासाठी अनुवादाचे काम कोणाकडे आले? माफीपत्रावर सही केलेल्या माधवराव सप्र्यांकडे. ज्याने सहा वर्षे भोगली त्याचा ग्रंथ, आणि ज्याला तीन महिने पेलले नाहीत त्याची लेखणी! टिळकांसारखा माणूस पारखी होता. सहा वर्षांच्या एकांतात त्याने माणसांविषयी काय विचार केला असेल तो असो, पण हा ग्रंथ सप्र्यांच्या हाती देण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. अवघ्या वर्षभरात, १९१६ साली, हिंदी गीतारहस्य पुण्याहून बाहेर पडले. मूळ ग्रंथाचा आवाका ज्यांनी पाहिला आहे त्यांना या वेगाचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहणार नाही. मीमांसा, वेदान्त, सांख्य, पाश्चात्त्य नीतिशास्त्र, यांच्या परिभाषेची त्यात नुसती दाटी आहे. काशीच्या कोशासाठी पूर्वी केलेली शब्दांची मशागत येथे उपयोगी पडली असली पाहिजे. फळाची अपेक्षा न धरता कर्म करीत राहावे, असे सांगणाऱ्या त्या ग्रंथाची पाने लाखो हिंदी वाचकांनी उलटली. पण मुखपृष्ठावरील मोठे नाव टिळकांचे, अनुवादकाकडे कितीकांचे लक्ष गेले असेल? नंतर चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरील मराठी ग्रंथाचाही त्यांनी ‘महाभारत मीमांसा’ या नावाने अनुवाद केला. समर्थ, टिळक आणि वैद्य: मराठीतील एवढे विचारधन एकट्या माणसाने दुसऱ्या भाषेत वाहून नेल्याचे उदाहरण सहज सापडणार नाही.

मराठी माणसांनी हिंदी पत्रकारिता वाढविली ही गोष्ट तशी एकट्या सप्र्यांपुरती नाही. १८४५ साली काशीत निघालेल्या ‘बनारस अखबार’चे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते होते. पुढे त्याच काशीत ‘आज’ या दैनिकाद्वारे बाबूराव विष्णु पराडकरांनी हिंदीला वृत्तपत्राची भाषा घडवून दिली. सखाराम गणेश देऊस्कर तर बंगालीत शिरले आणि १९०४ साली ‘देशेर कथा’ लिहून त्यांनी बंगाल हलविला. ही सर्व मंडळी आपापल्या घरी मराठी बोलत. त्यांनी मराठी टाकली नाही. शेजाऱ्याची भाषा मात्र पाहुण्यासारखी न वापरता घरच्यासारखी वापरली. भाषावादाच्या सभांतून ज्यांची नावे घेतली जावीत ती नेमकी विसरली जातात, ही आपली रीतच होऊन बसली आहे.

१९१६ साली जबलपुरास हिंदी साहित्य संमेलन भरले, तेव्हा सप्रे बऱ्याच वर्षांनी मोठ्या व्यासपीठाजवळ दिसले. सर्व शिक्षण देशी भाषांतून दिले जावे असा ठराव त्यांनी तेथे मांडला. केवळ हिंदीतून असे न म्हणता देशी भाषांतून असे म्हणावे, हे मराठी घरात वाढलेल्या माणसालाच सुचण्याजोगे होते.

यानंतरचे त्यांचे पत्रकारितेतील कार्य दुसऱ्यांच्या नावे आहे. जबलपुरातून राष्ट्रीय बाण्याचे साप्ताहिक काढण्याचे घाटत होते. सप्रे त्या खटपटीच्या मुळाशी होते. पण संपादक म्हणून पुढे आले ते माखनलाल चतुर्वेदी, खंडव्यात एके काळी शाळामास्तर असलेले कवी. पत्राचे नाव ‘कर्मवीर’. परवान्यासाठी जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे जाताना एका हितचिंतकाने चतुर्वेदींच्या हाती अर्ज दिला होता. पोटापाण्यासाठी साप्ताहिक काढू इच्छितो, असे त्यात लिहिलेले होते. सावधपणाचीच ती तऱ्हा. चतुर्वेदींनी तो अर्ज खिशातून काढलाच नाही. जबलपुरात एक इंग्रजी साप्ताहिक असताना आणखी हिंदी कशाला, असे मॅजिस्ट्रेट मिथाइस यांनी विचारले, तेव्हा त्यांनी साफ सांगितले की, ते पत्र मिळमिळीत आहे, आपल्याला सरकारला न रुचणारे पत्र काढावयाचे आहे. मॅजिस्ट्रेट आयरिश होता. त्याने जामीन न मागता परवानगी दिली. १७ जानेवारी १९२० रोजी कर्मवीरचा पहिला अंक निघाला. पुढच्याच वर्षी चतुर्वेदी राजद्रोहाखाली पकडले गेले आणि शिक्षा भोगून आले. बारा वर्षांपूर्वी नागपुरात जे घडले नव्हते ते या तरुणाच्या हातून घडलेले सप्र्यांनी पाहिले.

१९२४ साली डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाने माधवरावांना अध्यक्षपद दिले. सार्वजनिक मानाचे त्यांच्या वाट्याला आलेले हे मोठे पद. तोवर देह थकला होता.

बंद पडलेले कर्मवीर ४ एप्रिल १९२५ रोजी पुन्हा सुरू झाले, ते मात्र जबलपुरात नव्हे, खंडव्यात. बऱ्हाणपूर तेव्हा खंडव्याच्याच जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो २००३ साली. पेंड्र्याच्या रानात ज्या परंपरेचा अंकुर फुटला ती अशा रीतीने नर्मदा उतरून सातपुड्याच्या पायथ्याशी आली. खंडव्यात पुढे सिद्धनाथ माधव आगरकर या मराठी माणसाने ‘स्वराज्य’ हे हिंदी पत्र चालविले. आणि योगायोग असा की, देशातील वृत्तपत्रांचा कागद करणारी पहिली गिरणीही याच भूमीत, बऱ्हाणपुराजवळच्या नेपानगर येथे उभी राहिली. सातपुड्यातील सालई आणि बांबू यांच्या लगद्यापासून तेथे कागद होऊ लागला. १९५६ साली पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली.

सप्र्यांना यातले फारसे पाहावयास मिळाले नाही. खंडव्यातील कर्मवीरला एक वर्ष पुरे होऊन काही दिवस लोटले, तोच २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचा देहान्त झाला. वय पंचावन्नालाही पोहोचले नव्हते. १९८४ साली भोपाळ येथे जुन्या वर्तमानपत्रांचे एक संग्रहालय स्थापन झाले, त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. तेथे अनेक भाषांतील जीर्ण अंक जपून ठेवले जातात. पेंड्रा आज छत्तीसगढातील एका जिल्ह्याच्या नावात आहे, आणि अमरकंटकास जाणारे यात्रेकरू अजूनही त्याच स्थानकावर उतरतात.